जड देहाचा व्यायाम

ठाणें जिल्ह्यांत भिवंडी शहराच्या दक्षिणेस, उल्हास नदीच्या खाडीपट्ट्यांत अंजूर नांवाचें गांव आहे. इतिहासाच्या वाचकांस तें गंगाजी नाईकांमुळें ठाऊक असतें. पोर्तुगीजांच्या जाचांतून साष्टी आणि वसई सोडविण्याकरितां या नाईक बंधूंनीं वर्षानुवर्षें खटपट केली. १७३७ सालीं मोहीम सुरू झाली, ठाणें त्याच वर्षीं हातीं आलें, पण वसई पडण्यास १७३९ चा मे महिना उजाडावा लागला. आजच्या विषयाशीं या मोहिमेचें नातें दूरचें आहे. तरी ज्या भूमींत माणसें खाडी ओलांडून आणि दलदल तुडवून मैलोगणती चालत होतीं, त्याच भूमींत आज चालणें ही अवघड गोष्ट होऊन बसावी, हें पाहून विचार केल्यावांचून राहवत नाहीं.

भिवंडी तालुक्याचें रूप गेल्या कांहीं दशकांत पालटलें. भाताच्या खाचरांवर गोदामें उभीं राहिलीं, अवजड मोटारींची रहदारी वाढली, आणि अंजूरफाट्यापर्यंत जाण्यास घरोघर मोटारसायकल आली. पूर्वी चिखलणी, लावणी, मळणी आणि डोक्यावरचे भारे यांतच व्यायाम होऊन जात असे; त्याला कोणी व्यायाम म्हणत नसे, एवढेंच. काम गेलें, पण ताटांतील भात मात्र पूर्वीच्याच मापाचा राहिला.

अशा गांवांत, आणि गांवांतच कशाला, मुंबई-पुण्याच्या कोणत्याही आळींत, पन्नाशीच्या आसपासचा एखादा गृहस्थ असा असतोच कीं ज्याची उंची पांच फूट पांच इंच आणि वजन एकशें वीस किलो आहे. माडीवर जाणें त्यानें केव्हांच सोडलेलें असतें. पंगतींत पाटावर बसतां येत नाहीं म्हणून तो लग्नकार्यास जाण्याचें टाळतो आणि कामाची सबब सांगतो. दिवसाचा बराच वेळ झोपाळ्यावर जातो. डॉक्टर त्यास सांगतात, "वजन उतरवा, व्यायाम करा." कोणता व्यायाम, हें डॉक्टरांच्या गर्दींत विचारावयाचें राहून जातें. दुसऱ्या दिवशीं पहांटे तो नवे बूट घालून पुतण्याबरोबर धांवावयास निघतो, किंवा तरुणपणच्या तालमीची आठवण काढून एकदम पन्नास बैठका मारतो. चौथ्या दिवशीं गुडघा सुजतो. मग लेप, शेक, आणि दहा दिवस अंथरूण. उठल्यावर तो सर्वांना सांगतो कीं, व्यायाम आपल्याला मानवत नाहीं.

हा निष्कर्ष त्यास फार महाग पडतो. कारण येथून पुढें हालचाल जितकी कमी, तितके मांडीचे स्नायु अशक्त. स्नायु अशक्त झाले कीं सांध्यावर भार अधिक. भार वाढला कीं दुखणें अधिक, आणि दुखणें अधिक म्हणून हालचाल आणखी कमी. या चक्रांत सांपडलेला माणूस पांच-सात वर्षांत घराच्या चार भिंतींत अडकतो. आणि चुकी व्यायामाची नसून निवडीची होती, हें त्यास कोणीच सांगितलेलें नसतें.

गणिताकडे थोडें वळावें लागेल. सपाट जमिनीवर चालतांना प्रत्येक पावलास गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारें दुपटीपासून तिपटीपर्यंत भार येतो. जिना चढतां-उतरतांना तो तिपटीच्याही वर जातो. धांवतांना आणि उड्या मारतांना तर विचारावयास नको. एकशें वीस किलोच्या माणसाचा गुडघा साध्या चालण्यांत तीनशें साठ किलोपर्यंत भार झेलीत असतो, असा याचा अर्थ. आतां याचीच सुखावह बाजू पाहावी. २००५ सालीं अमेरिकेंत गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल माणसांवर झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, वजन एक किलो उतरलें तर दर पावलास गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं उतरतो. म्हणजे पांच किलो उतरले तर पावलागणिक वीस किलो. एक हजार पावलें चालल्यास प्रत्येक गुडघ्याच्या वाट्यास पांचशें पावलें येतात. पांचशें गुणिले वीस, दहा हजार किलो. एवढें ओझें त्या गुडघ्यानें एका फेरींत वाहिलें नाहीं! फ्रॅमिंगहॅम या अमेरिकन गांवांतील प्रसिद्ध पाहणींतून १९९२ सालीं निघालेला निष्कर्षही याच दिशेचा आहे: ज्या स्त्रियांचें वजन दहा वर्षांत सुमारें पांच किलोंनीं कमी झालें, त्यांना गुडघ्याचा संधिवात होण्याचा संभव निम्म्याहून खालीं आला. एकशें वीसाचे साठ करण्याचा ध्यास घेऊन निराश होणाऱ्यांनीं हा पांचाचा आंकडा जवळ बाळगावा.

महाराष्ट्राला व्यायामाची परंपरा नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कार आपल्या संस्थानच्या शाळांशाळांतून नेले. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेंत तपासणी आरंभिली. परंतु आपल्या आखाड्याचा जोर, बैठक, मलखांब हा सारा सरंजाम पंधरा-वीस वर्षांच्या, अंगानें हलक्या पोराकरितां बसविलेला आहे. पन्नाशीच्या जड माणसानें तो तसाच्या तसा उचलणें म्हणजे सातवीच्या मुलाचें गणित पहिलीच्या मुलापुढें टाकणें होय. गणित खोटें नाहीं. पायरी चुकली आहे. पूर्ण बैठकींत गुडघा अगदीं मिटतो, आणि मिटलेल्या गुडघ्यावर वजन घेऊन उठणें हें त्या सांध्याचें अत्यंत कष्टाचें काम आहे. सूर्यनमस्कारांत मनगटांवर, खांद्यांवर भार येतो, डोकें खालीं जातें, आणि रक्तदाब वाढलेल्या माणसास घेरी येण्याचें भय असतें. नमस्काराची थोरवी यानें उणी होत नाहीं. तो पहिल्या दिवसाचा व्यायाम नव्हे, एवढेंच.

ही पायरी ओळखणारा एक पुरुष महाराष्ट्रांत होऊन गेला. बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज आयंगार हे १९३७ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आंतबाहेर, पुण्यास डेक्कन जिमखान्यावर योग शिकविण्यास आले. लहानपणीं ते स्वतः दुखणाईत होते. कदाचित् त्यामुळेंच दुबळ्या देहाची त्यांस पारख होती. आसन देहास जमत नसेल तर देहाला ओढूनताणून आसनांत कोंबण्याऐवजीं त्यांनीं आसनच देहाजवळ आणलें. खुर्ची, लोड, पट्टा, लांकडी ठोकळा, भिंतीस बांधलेली दोरी, अशा घरगुती वाटणाऱ्या साहित्याचा त्यांनीं आधार म्हणून उपयोग केला. हात जमिनीस पोंचत नाहीं? ठोकळ्यावर ठेवावा. उभें राहवत नाहीं? खुर्चीवर बसून करावें. १९७५ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या रमामणि आयंगार स्मृति योग संस्थेतून ही रीत जगभर गेली. २०१४ सालीं आयंगार निवर्तले. पण दुखण्यानें गांजलेला माणूस आज पृथ्वीच्या कोणत्याही कोपऱ्यांत खुर्चीवर बसून आसन करीत असेल, तर त्याच्या त्या खुर्चीमागें पुण्याचा हा हात आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तेव्हां आरंभ खुर्चीपासून करावा. खुर्ची लांकडी किंवा लोखंडी, भक्कम, हातांची आणि पाठ भिंतीस टेकलेली असावी. प्लास्टिकची खुर्ची या कामास मुळींच घेऊं नये. ती पाय फांकवून केव्हां बसेल याचा नेम नसतो, आणि जड माणसाचें पडणें हें साधें पडणें नसतें. खुर्चीवर ताठ बसून एक पाय गुडघ्यांत सरळ करावा, पांच अंक मोजीपर्यंत तसाच धरावा, सावकाश खालीं आणावा. दोन्ही पायांनीं आळीपाळीनें असें आठ-दहा वेळां. करतांना श्वास कोंडून धरूं नये. मोठ्यानें अंक मोजले म्हणजे तो आपोआप चालूं राहतो. वरकरणीं हें पोरखेळासारखें वाटतें. पण मांडीच्या पुढल्या अंगाचा जो मोठा स्नायु गुडघ्याचा खरा पाठीराखा, तोच यानें बळावतो.

दुसरा प्रकार त्याहून मोलाचा. खुर्चीवर दोन-तीन घड्यांची जाड गोधडी घालून बैठक उंच करावी. पाय जमिनीवर नीट रोवून, प्रारंभीं हातांचा आधार घेऊन उभें राहावें आणि धप्पकन् न पडतां सावकाश बसावें. पांच वेळां पुरे. पंधरा दिवसांनीं जड वाटेनासें झालें कीं गोधडीची एक घडी काढावी. आणखी कांहीं दिवसांनीं दुसरी. तालमीतल्या बैठकीचीच ही धाकटी बहीण आहे. तसाच भिंतीचा जोर: भिंतीपासून हातभर दूर उभें राहून तळवे भिंतीवर टेकावे, कोपरांत वांकून छाती भिंतीकडे न्यावी आणि परत यावें. एक दिवसाआड हे प्रकार केले तरी चालतात.

पाण्याची गोष्ट निराळीच आहे. आर्किमिडीजचा सिद्धांत शाळेंत सर्वांनीं घोकलेला असतो, पण त्याचा गुडघ्याशीं संबंध आहे हें त्या वेळीं कोणी सांगत नाहीं. कमरेइतक्या पाण्यांत उभें राहिलें कीं पायांवरील भार जवळजवळ निम्मा होतो. छातीइतक्या पाण्यांत तो सुमारें एक तृतीयांश उरतो, आणि गळ्याइतक्या पाण्यांत अवघा दशांश. म्हणजे जो गृहस्थ रस्त्यावर एकशें वीस किलोचा आहे, तो छातीभर पाण्यांत चाळीस किलोच्या शाळकरी पोराइतका हलका होतो! वर पाणी चोहोंकडून विरोध करतें, त्यामुळें स्नायूंना कामही पुरेसें मिळतें. पोहतां आलें पाहिजे असें नाहीं. छातीभर पाण्यांत कठड्याजवळून पुढें चालावें, मागें चालावें, गुडघे उचलावे. जेथें नगरपालिकेचा किंवा एखाद्या संस्थेचा तरणतलाव आहे आणि पाण्यांत उतरण्यास शिडीऐवजीं पायऱ्या आहेत, तेथें याहून उत्तम व्यायाम शोधून सांपडणार नाहीं. मात्र अंजूरच्या माणसानें हें ऐकून खाडीकडे वळूं नये. भरती-ओहोटीचा ओढा, पायाखालचा चिखल आणि मैलेलें पाणी हीं कोणाचीं मित्रें नव्हत. विहीर आणि खणींतलें तळें यांचीही गोष्ट तीच. तेथें छातीभर खोली मिळत नाहीं.

तलावावर जाण्यास बायकांना संकोच वाटतो, आणि तो खोटा नाहीं. आपल्या नाटकांतून आणि चित्रपटांतून लठ्ठ माणूस हा हंसण्याकरितांच आणलेला असतो. त्या हंशाची खरी किंमत कोणी तरी माजघरांत बसून भरीत असतें. स्त्रियांकरितां वेगळी वेळ राखलेली असली तर ती घ्यावी. अंगभर पोशाख पाण्यांत चालण्याच्या आड येत नाहीं. आणि घरच्या मंडळींनीं एवढें करावें: सासूबाई अथवा काकू व्यायामास निघाल्या तर "आतां या वयांत काय?" असें म्हणूं नये. मुलानें किंवा सुनेनें बरोबर जावें. एकट्या निघालेल्यापेक्षां सोबत असलेल्याचा नेम टिकतो.

तलाव सर्वांच्या नशिबीं नाहीं. पण चालणें आहे. येथेंही एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. झपाझप चाललें तरच फायदा, असें मानून जड माणसें धापा टाकीत चालतात. वास्तविक सावकाश चालल्यानें गुडघ्यावरील भार उतरतो, आणि जड देहास सावकाश चालण्यांतही पुरेशी मेहनत पडते. वेग कमी ठेवून वेळ वाढवावा. पहिल्या आठवड्यांत पांच मिनिटें, दिवसांतून दोन-तीन वेळां. मग दर आठवड्यास एक-दोन मिनिटें अधिक. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांकरितां आठवड्यास दीडशें ते तीनशें मिनिटें मध्यम व्यायाम सांगितला आहे. पण तो मुक्काम आहे, निघण्याचें ठिकाण नव्हे, आणि त्याच संघटनेनें असेंही म्हटलें आहे कीं थोडाही व्यायाम मुळींच नसण्यापेक्षां बरा. चालतांना बोलतां आलें पाहिजे, गातां येऊं नये, इतपत श्रम असावे. बोलतांना वाक्य तुटूं लागलें कीं थांबावें.

कोठें चालावें? अंजूरच्या बाजूस हमरस्त्यावर गोदामांच्या अवजड गाड्या धांवतात, तेव्हां तो मार्ग नको. शाळेचें पटांगण, देवळाचें आवार, नाहींतर घराची लांबलचक पडवी बरी. सपाट, टणक, न घसरणारी जमीन हवी. चढउतार आरंभीं टाळावा. पावसाळ्यांत शेवाळलेल्या फरशीवर पाऊल टाकण्यापेक्षां घरांतल्या घरांत येरझारा घालाव्या. पायांत सैल रबरी चप्पल नसावी. पुढून रुंद, टांच धरून ठेवणारा, नाडीचा बूट असावा. तोल जात असेल तर काठी घ्यावी, आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या उलट बाजूच्या हातांत धरावी. बहुतेक लोक नेमकी दुखऱ्या बाजूस धरतात.

एका जागीं उभी असणारी सायकलही चांगली, कारण तींत शरीराचा भार बैठकीवर राहतो. बैठक इतकी उंच असावी कीं पावटा तळाशीं गेला असतां गुडघा किंचितच वांकलेला राहील. बैठक ठेंगणी ठेवली कीं तीच सायकल गुडघा दुखविते. यंत्र विकत घेण्यापूर्वीं तें किती वजनाकरितां बनविलें आहे हा त्यावरील आंकडा वाचावा. दोरीवरच्या उड्या, धांवणें आणि जिन्यावर मुद्दाम खालींवर करणें हे प्रकार तूर्त दुसऱ्यांना करूं द्यावे.

दुखण्याचीही ओळख करून घेतली पाहिजे. व्यायामानंतर मांडी-पोटरी भरून येणें, अंग आंबणें हें स्वाभाविक आहे. दोन दिवसांत तें जातें. पण सांधाच दुखूं लागला आणि व्यायामानंतर दोन तासांनींही दुखणें आधींपेक्षां अधिक राहिलें, तर त्या दिवशींचा व्यायाम जास्त झाला असें समजावें. पुढच्या खेपेस तो निम्मा करावा. बंद करूं नये. सांधा सुजला, गरम लागला किंवा मध्येंच अडकूं लागला तर मात्र डॉक्टरांकडे जावें.

डॉक्टरांकडे खरें म्हणजे आरंभापूर्वींच एकदां जावयाचें. इतक्या वजनाबरोबर रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार हे बिनबोलावतां आलेले असूं शकतात. रात्रीं फार घोरणें, मध्येंच श्वास अडकणें आणि दिवसा बसल्या जागीं डुलकी लागणें हेंही डॉक्टरांना सांगावें. तो केवळ आळस नसतो. मधुमेहासाठीं इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेणाऱ्यानें अनशापोटीं व्यायाम करावा कीं नाहीं हें विचारून घ्यावें, आणि खिशांत साखर ठेवावी. त्यानें रोज रात्रीं तळपाय उजेडांत पाहावे, कारण बधिर पायास फोड झालेला कळत नाहीं. चालतांना छातींत दाब वाटला, दुखणें जबड्याकडे किंवा हाताकडे गेलें, घेरी आली, तर तेथेंच बसावें आणि महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. "जरा वेळानें पाहूं" हें वाक्य अशा वेळीं घरांत कोणी उच्चारूं नये.

आतां एक अप्रिय सत्य. नुसत्या व्यायामानें वजन फारसें उतरत नाहीं. अर्ध्या तासाच्या चालण्याची कमाई दोन बुंदीच्या लाडवांत परत जाते. वजन उतरतें तें मुख्यतः ताटांत. मग व्यायाम कशाला? २०१३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत गुडघा दुखणाऱ्या ४५४ स्थूल माणसांचे तीन गट केले होते: एकास आहारनियम, दुसऱ्यास व्यायाम, तिसऱ्यास दोन्ही. दीड वर्षानंतर ज्यांनीं दोन्ही केलें त्यांचें दुखणें सर्वांत कमी होतें आणि चालणें-फिरणें सर्वांत बरें. शिवाय व्यायामानें स्नायु टिकतात, साखर आणि रक्तदाब आटोक्यांत येण्यास मदत होते, झोंप लागते, आणि हे फायदे कांटा हलला नाहीं तरी मिळतात. म्हणून रोज वजनाच्या यंत्रावर उभें राहून मन खट्टू करण्यापेक्षां, न थांबतां पडवीच्या किती येरझारा झाल्या याची वही ठेवावी.

शेवटीं एक गोष्ट शिकून घ्यावयाची, जी जड माणसाच्या मनांत सतत असते पण तो बोलत नाहीं: खालीं बसलों, किंवा पडलों, तर उठणार कसें? प्रथम, कोठें जबर लागलें नाहीं ना, हें पडल्या पडल्या पाहावें. मग एका कुशीवर वळावें आणि हातांच्या जोरावर कोपर टेकून बसावें. तेथून हात-गुडघ्यांवर यावें; गुडघ्याखालीं उशी किंवा घडी केलेलें पांघरूण सरकवावें. रांगत भक्कम खुर्चीपाशीं जावें, दोन्ही हात बैठकीवर ठेवावे, जो पाय अधिक बळकट तो पुढें घेऊन पाऊल जमिनीवर रोवावें, हातांनीं आणि त्या पायानें मिळून रेटा द्यावा, आणि उभें न राहतां प्रथम वळून खुर्चीवरच बसावें. घरच्यांनीं काखेंत हात घालून ओढूं नये. त्यानें खांदा निखळतो आणि ओढणाराही पडतो. त्यांनीं खुर्ची धरून ठेवावी. गुडघे फार दुखत नसतील आणि घरांत दोन माणसें असतील अशा वेळीं गादीवर याचा सराव करावा. जमिनीवरून पहिल्यांदा स्वतःचें स्वतः उठतां आलें त्या दिवशीं पाटावर न बसतां आलें तरी चालेल, पण पुढच्या लग्नाचें आमंत्रण परत फिरवूं नये.